परवान्यात न मावणारा आनंद : पॉइंट टू-टू पिस्तूल, नवेगाव बांध आणि पुराव्याचा प्रश्न

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न तुम्हाला कधी ना कधी येणारच : "तुमच्या विषयाचा पुरावा कुठे आहे?" जमीन, कर, दुष्काळ, निवडणूक असे विषय असतील तर उत्तर सोपं असतं. त्यांच्या फायली असतात, तारखा असतात, शिक्के असतात. पण तुमचा विषय 'आवड' असेल तर? एखादी वस्तू जवळ बाळगण्यात, ती वापरण्यात लोकांना आनंद मिळत होता, हे इतिहासात दाखवायचं कसं? आनंदाची फाइल कुठल्याच कचेरीत नसते.

आज हाच प्रश्न एका अवघड उदाहरणावर घासून बघू. वस्तू आहे पॉइंट टू-टू, म्हणजे .२२ बोअरचं रिमफायर पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर. जागा आहे गोंदिया जिल्ह्यातलं नवेगाव बांध. तुम्ही म्हणाल, तळं आणि पक्षी यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावाचा पिस्तुलाशी काय संबंध? थोडा धीर धरा. गाव का घेतलं ते पुढे कळेल. आधी वस्तू नीट समजून घेऊ, कारण वस्तू कशी चालते हे माहीत नसताना तिच्याबद्दलचे कागद वाचणं म्हणजे लिपी न शिकता मोडी वाचायला बसणं.

वस्तू : एक छोटं काडतूस

बहुतेक काडतुसांच्या बुडाशी मधोमध एक छोटी टोपी असते. तिच्यावर आघात झाला की ठिणगी पडते आणि आतली दारू पेटते. रिमफायर काडतुसाला अशी वेगळी टोपी नसते. बुडाची जी बाहेर आलेली कड असते, तिच्या पोकळीतच ठिणगीचं मिश्रण भरलेलं असतं. बंदुकीची सुई ती कड चेपते आणि बार उडतो. कड चेपली जायला हवी म्हणून पत्रा पातळ ठेवावा लागतो. पत्रा पातळ म्हणून आतला दाब कमी ठेवावा लागतो. दाब कमी म्हणून काडतूस लहान, स्वस्त आणि सौम्य. एकदा वापरलेलं काडतूस घरी पुन्हा भरणं मात्र जवळपास अशक्य.

ही कल्पना फ्रान्समधल्या लुई-निकोला फ्लोबेर यांची, १८४५ च्या सुमाराची. त्यांच्या बंदुका दिवाणखान्यात नेम धरून खेळण्यासाठी होत्या. हे लक्षात ठेवा : या काडतुसाच्या जन्मातच युद्ध नाही, खेळ आहे. १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने .२२ चं छोटं रिव्हॉल्वर बाजारात आणलं. १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने '.२२ लाँग रायफल' हे काडतूस काढलं आणि तेच आजही जगभर चालतं. नावात 'रायफल' असलं तरी पिस्तुलातही हेच वापरतात. गोळीचा व्यास सुमारे ५.६ मिलिमीटर, वजन साधारण २.६ ग्रॅम. ९ मिलिमीटर पिस्तुलाची नेहमीची गोळी याच्या जवळपास तिप्पट जड असते.

आता मुद्द्याचं. यात आनंद कसला? मोठ्या काडतुसाच्या पिस्तुलाला जोराचा झटका असतो. शिकणारा माणूस त्या झटक्याला आणि आवाजाला घाबरतो आणि बार उडायच्या आधीच त्याचं मनगट आकसतं. नेम चुकतो, पण का चुकला ते त्याला कळत नाही, कारण सगळा दोष झटक्याच्या गोंधळात लपून जातो. .२२ मध्ये झटका इतका कमी की चूक उघडी पडते. बोटाने चाप सरळ मागे ओढला की बाजूला खेचला, श्वास थांबला होता की नाही, नजर पुढच्या माशीवर होती की लक्ष्यावर, हे सगळं कागदावरच्या भोकात दिसतं. आणि काडतूस स्वस्त असल्यामुळे लगेच दुसरा प्रयत्न करता येतो. तिसरा, तिसावा, तीनशेवासुद्धा. हा आनंद ताकदीचा नाही, सुधारणेचा आहे. तबल्यावर एकच बोल शंभरदा घोटणाऱ्याला तो लगेच कळेल.

बाळगण्याचा आनंद आणखी वेगळा. कमी दाबामुळे ही शस्त्रं झिजत कमी. साफ करून तेल लावून ठेवली तर बापाकडून लेकीकडे जातात. अमेरिकेत १९४९ साली रूगर कंपनीने आपलं पहिलंच पिस्तूल .२२ चं काढलं, किंमत साडेसदतीस डॉलर. सामान्य पगारदाराला परवडणारी ही वस्तू होती, आणि तिच्याभोवती जाहिराती, मासिकं, वाचकांची पत्रं, क्लबांची वार्तापत्रं असा कागदांचा ढीग तयार झाला. तिथल्या इतिहासकाराला आनंद शोधावा लागत नाही. तो छापलेलाच सापडतो.

आपल्याकडे तसा ढीग नाही. म्हणून आपल्याकडे हा आनंद नव्हता, असं म्हणायचं का? हाच आजचा खरा प्रश्न आहे.

कायदा : कारण सांगा

आपल्याकडे बंदुकीबद्दलचा कागद कुठून सुरू होतो? परवान्यापासून. लॉर्ड लिटनच्या काळात, १८७८ साली शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला शस्त्र बाळगायला परवाना सक्तीचा झाला आणि युरोपियनांना त्यातून सूट मिळाली. हा भेदभाव पुढे राजकीय तक्रारीचा मोठा विषय झाला. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला, तो १९६२ मध्ये नियमांसह लागू झाला, आणि थोड्याफार दुरुस्त्यांसह आजही तोच चालू आहे.

या कायद्याचं कलम १३ काढून स्वतः वाचा. सारांशावर अवलंबून राहू नका. मूळ मजकुरात परवाना 'द्यायचाच' अशी काही प्रकरणं दिली आहेत. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक. पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक. आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला निशाणेबाजीच्या सरावासाठी पॉइंट टू-टू बोअरची रायफल किंवा एअर रायफल. बाकी सगळ्यांसाठी एकच वाक्य : अर्जदाराकडे 'योग्य कारण' आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे.

बघा, .२२ ची रायफल कायद्याच्या मूळ मजकुरात नावानिशी होती, पण .२२ चं पिस्तूल नव्हतं. १९६२ च्या नियमांच्या परिशिष्टातही तेच. .२२ ची कमी वेगाची रिमफायर रायफल छर्‍याच्या बंदुकीसोबत एका गटात, आणि सगळी पिस्तुलं-रिव्हॉल्वर वेगळ्या, वरच्या गटात. काडतूस तेच, गोळी तीच. फरक नळीच्या लांबीचा. कायद्याची भीती गोळीच्या ताकदीइतकीच शस्त्र सदऱ्याखाली लपण्याची आहे. नेमबाज मोजतो झटका, कायदा मोजतो लांबी. ही भीती अगदी निराधार आहे असंही नाही, कारण .२२ ची गोळी सौम्य वाटली तरी दीड किलोमीटरच्या पलीकडे जाऊ शकते आणि माणूस मारू शकते.

पण इतिहासकार म्हणून तुम्हाला याचा परिणाम दिसला पाहिजे. पिस्तुलासाठी अर्ज करणाऱ्याला 'योग्य कारण' लिहावं लागतं. 'मला नेम धरायला आवडतं' हे कारण एकट्याने चालत नाही. मग अर्जात काय येतं? जिवाला धोका. रोकड ने-आण. शेत जंगलाला लागून. शत्रुत्व. म्हणजे फाइलीत प्रत्येक माणूस घाबरलेला दिसतो. काही खरोखर घाबरलेले असतीलच. पण ज्याला फक्त आवड होती, त्यालाही भीतीचीच भाषा उसनी घ्यावी लागते. फॉर्मच्या रकान्याने माणसाच्या तोंडी शब्द घातले. तुम्ही फक्त फायलींवरून प्रबंध लिहिलात तर तो भीतीचा इतिहास होईल, आणि त्याच्या तळटीपा मात्र अगदी चोख असतील.

जागा : नवेगाव बांध

आता गावाकडे येऊ. नवेगाव बांध अर्जुनी मोरगाव तालुक्यात, झाडीपट्टीत. इथला मोठा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. पूर्व विदर्भात कोहळी समाज तलाव बांधणारा म्हणूनच ओळखला जातो. तलावाखाली धान आणि धानाच्या बांधापासून जंगल हाकेच्या अंतरावर. रानडुक्कर, चितळ, सांबर उभ्या पिकात येणारच. म्हणून या भागात बंदूक म्हटलं की आधी पीक राखणारी भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक आठवते. ती एका टोकाला. दुसऱ्या टोकाला मालगुजारी व्यवस्थेतली प्रतिष्ठेची शिकार.

ही जागा घेण्याचं पहिलं कारण प्रशासकीय आहे, आणि संशोधन सुरू करणाऱ्याने ते गिरवून ठेवावं. गाव हललं नाही, पण त्याच्यावरची सरकारं हलली. आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाड, मग १९५० पासून मध्य प्रदेश, राजधानी नागपूरच. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्य. १९६० मध्ये महाराष्ट्र. जिल्हा मात्र भंडारा. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. म्हणजे एकाच घरातल्या एकाच बंदुकीच्या परवान्याचा माग काढायचा तर तुम्हाला गोंदिया, भंडारा, नागपूर अशा जागा आणि इंग्रजी, हिंदी, मराठी अशा भाषा पालथ्या घालाव्या लागतील. "फाइल मिळाली नाही" असं लिहिण्याआधी त्या साली हे गाव कोणत्या राज्यात होतं, हे आधी विचारा.

दुसरं कारण जास्त खोल आहे. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीवर कायद्याने कडक निर्बंध आले. १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झालं, त्यात माधवराव पाटील डोंगरवार यांचा मोठा वाटा मानला जातो. मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून इथे काढलेल्या काळावर 'नवेगाव बांधचे दिवस' हे पुस्तक लिहिलं. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. एका पिढीच्या आत जंगलाकडे बघायची अधिकृत नजर बदलली : बंदुकीच्या माशीतून दुर्बिणीच्या काचेत.

हे संरक्षण आवश्यक होतं, यात मला शंका नाही. पण नेम धरण्याची जी आवड त्या जंगलात होती ती १९७२ च्या एका तारखेला विरून गेली असेल का? कायद्याने कृती थांबते, आवड थांबत नाही. ती कुठेतरी जाते. कुठे गेली, हा प्रश्न नवेगाव बांधला उभं राहून विचारावा लागतो. उत्तराचा एक भाग मात्र तिथून खूप लांब, राज्याच्या दुसऱ्या टोकाला सापडतो.

आवड कुठे गेली : कागदी लक्ष्याकडे

१९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर, अहमदाबादेत वाढलेल्या मराठी घराण्यातले. राष्ट्रीय स्पर्धेआधीची जी स्पर्धा नेमबाज मुलं 'मावळंकर' म्हणून ओळखतात, ती त्यांच्याच नावाची. नेमबाजीला इथे खेळाचं प्रतिष्ठित नाव मिळालं, आणि 'योग्य कारण' या रकान्यात लिहायला एक नवीन शब्द मिळाला.

.२२ च्या पिस्तुलाचा एक ऑलिंपिक प्रकार म्हणजे महिलांचं २५ मीटर पिस्तूल. साठ गोळ्या. पहिल्या तीस अचूकतेच्या : पाच-पाच गोळ्यांचे सहा फेरे, प्रत्येकाला पाच मिनिटं, दहाचं वर्तुळ फक्त ५० मिलिमीटर. पुढच्या तीस वेगाच्या : लक्ष्य तीन सेकंद समोर, सात सेकंद गायब, प्रत्येक वेळी एकच गोळी. या खेळात मराठी मुलींनी जे केलं ते नोंदलेलं आहे. पुण्याच्या अनिसा सय्यदने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने त्याच स्पर्धेत अनिसासोबत जोडीचं सुवर्ण घेतलं. २०१३ मध्ये राहीने चांगवोनच्या विश्वचषकात सुवर्ण मिळवलं, पिस्तुलात असं करणारी ती पहिली भारतीय. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेंबांगला थायलंडच्या खेळाडूशी ३४-३४ अशी बरोबरी झाली, आणि जादा फेऱ्यांत राही जिंकली.

आता या बातम्या संशोधकाच्या डोळ्यांनी वाचा. शब्द कोणते दिसतात? देश, तिरंगा, जिद्द, त्याग. म्हणजे फाइलीत भीतीने जी जागा घेतली होती, ती बातमीत कर्तव्याने घेतली. दोन्हीकडे आनंद मात्र पानाबाहेर. कोणी पंधरा-वीस वर्षं रोज त्या लक्ष्यासमोर केवळ तिरंग्यासाठी उभं राहत नाही. मधल्या हजारो निनावी दुपारी हातातल्या वस्तूची गोडी असल्याशिवाय निघत नाहीत.

मग पुरावा शोधायचा कुठे?

माझ्या कामात उपयोगी पडणाऱ्या चार जागा सांगतो. विषय तुमचा वेगळा असला तरी पद्धत तीच.

पहिली : काडतुसांची नोंद. परवान्यावर किती काडतुसं बाळगता येतील ते लिहिलेलं असतं, आणि विक्रेता खरेदीची तारीख व संख्या नोंदवतो. भीतीपोटी शस्त्र घेणारा एक डबी घेऊन कपाटात ठेवतो आणि वर्षानुवर्षं ती तशीच राहते. आवडीने नेम धरणाऱ्याची डबी संपते. तो पुन्हा दुकानात जातो. अर्जातलं कारण एक सांगेल आणि खरेदीच्या तारखा दुसरंच सांगतील. या दोन कागदांतली फट हाच तुमचा पुरावा.

दुसरी : गुणपत्रकं. स्पर्धेच्या निकालात पहिले तीनच वाचू नका, शेवटचे तीस वाचा. जो माणूस सलग दहा वर्षं स्पर्धेला येतो आणि कधीच पदक घेत नाही, तो का येत असेल? पदक, नोकरी, कर्तव्य ही सगळी कारणं त्याच्या बाबतीत गळून पडतात.

तिसरी : घरातले फोटो. खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रांची पूजा होते. पाटावर हळद-कुंकू लावलेली बंदूक, बाजूला कोयता, विळा, आणि मागे उभं घर. फोटोत वस्तू कुठे ठेवली आहे, कोणाच्या हातात आहे, लहान मुलं किती जवळ आहेत, हे बघा. बाळगण्यातली माया परवान्यापेक्षा या फोटोत जास्त स्पष्ट असते.

चौथी : बोलणं. पण "तुम्हाला आनंद व्हायचा का?" असं विचारू नका. हो किंवा नाही एवढंच मिळेल. "पहिला नेम लागला तेव्हा सोबत कोण होतं?" असं विचारा. "बंदूक साफ कोण करायचं, कशाने?" असं विचारा. माणूस कृतीबद्दल बोलायला लागला की भावना आपोआप मागून येते.

ज्यांच्यावर नेम धरला गेला

एक इशारा, आणि तो शेवटी ठेवलाय म्हणून दुय्यम समजू नका. आनंदाचा इतिहास लिहिताना आपण आनंद घेणाऱ्याच्या बाजूला सरकतो. मालगुजाराच्या शिकारीत मचाणावर एक माणूस बसायचा आणि हाका घालत जंगलातून चालायची दुसरीच माणसं. त्यांच्या आठवणीत त्याच दिवसाचं नाव 'वेठ' असू शकतं. पीक राखणाऱ्याला बंदूक म्हणजे रात्रभराची जागरणं. आणि हरणाची बाजू तर कुठल्याच कागदावर नाही. म्हणून प्रत्येक मुलाखतीनंतर वहीत एक ओळ मोकळी सोडा : या आनंदाची किंमत कोणी दिली?

तसंच, कोणाच्या घरात शस्त्र आहे ही माहिती जपायची असते. गाव, आडनाव, परवाना क्रमांक प्रबंधात जाऊ देऊ नका. माहिती अधिकारात अर्ज करताना व्यक्तींची नावं मागू नका, संख्या आणि वर्गवारी मागा. ते मिळण्याची शक्यताही जास्त असते आणि त्याने कोणाच्या घरावर चोराची नजर जात नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. म्हणजे काही घरांत वाडवडिलांचं एखादं जुनं शस्त्र जमा करायची वेळ आली. अशा वेळी कोणतं ठेवायचं आणि कोणतं द्यायचं, हा निर्णय घरात कसा झाला असेल? उपयोगाचं ठेवलं की आवडीचं? परवान्याचा इतिहास या प्रश्नाला उत्तर देणार नाही. घरातली माणसं देतील, पण ती माणसं म्हातारी होत चालली आहेत. तुमचा विषय बंदूक नसेल. भांडी असतील, रेडिओ असेल, सायकल असेल. पण तुमच्या फाइलीतही 'कारण' नावाचा एक रकाना असणार. तो वाचा, उतरवून घ्या, आणि मग त्या कागदाला विचारा : हा रकाना नसता, तर या माणसाने काय लिहिलं असतं?